सदस्य चौथी: तूर्त रद्द

“तिला काय विचारायचंय? ती गप्प असते, म्हणजे तिला पटलेलं असतं.”

हे वाक्य ज्या कानांसाठी नव्हतं, नेमकं त्याच कानांवर पडलं. आणि ते कान साधेसुधे नव्हते. पण ते पुढे सांगते, आधी माझी ओळख करून देते.

मी प्रश्नावली बोलतेय. चार पानं, सतरा प्रश्न, डाव्या कोपऱ्यात एक पिन. मला फक्त विचारता येतं, त्यामुळे घराघरांत माझं स्वागत जेमतेमच होतं. सारखं विचारत राहणारं माणूसही कुणाला आवडत नाही, मी तर कागद.

माझा जन्म एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. देशात वेगवान प्रवासी रेल्वे बांधायची की नाही, यासाठी लोकांचं मत हवं होतं. तीन साहेब आणि एक टायपिस्ट बाई यांनी शेवटच्या, सतराव्या प्रश्नावर तीन दिवस घालवले. पहिले साहेब म्हणाले, “वेगवान रेल्वे बांधावी का, असं सरळ विचारा.” दुसरे म्हणाले, “सरळ विचारलं तर लोक सरळ उत्तर देतील. मग काय करायचं?” तिसऱ्यांनी चष्मा पुसला आणि सुचवलं, “वेगवान रेल्वेचं आपण स्वागत कराल का, असं विचारू. स्वागताला नाही कोण म्हणतं?”

टायपिस्ट बाई टंकता टंकता म्हणाल्या, “पाहुणे किती दिवस राहणार ते कळल्याशिवाय मी नाही बाई कुणाचं स्वागत करत.”

साहेब हसले. प्रश्न मात्र तसाच छापला गेला.

मग हजारो बहिणींसोबत मी गठ्ठ्यात बांधली गेले आणि सर्वेक्षणवाल्या बाईंच्या पिशवीत पडले. एका मंगळवारी त्या धापा टाकत एका इमारतीचे तीन जिने चढल्या. लिफ्ट होती, पण तिच्या दारावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी होती आणि पाटीवर तीन वर्षांची धूळ होती. दार उघडलं ते घरातल्या आईंनी. त्या पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून द्यायच्या. गळ्यात मापाची टेप, खांद्यावर निळ्या दोऱ्याचा तुकडा.

“घरातल्या प्रत्येकाचं भरा. पेननं भरा, पेन्सिलनं नको,” सर्वेक्षणवाल्या बाई पाणी पिऊन म्हणाल्या. “शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येते. जिना तेवढा कमी करा तोवर.”

“आमचा मुलगा लिफ्टचाच मेकॅनिक आहे,” आई म्हणाल्या. “गावभरच्या लिफ्ट चालू करतो. इथली दुसऱ्या कंपनीची आहे ना, म्हणून हात लावत नाही.”

आईंनी मला फ्रिजवर ठेवलं, औषधाच्या चिठ्ठीवर. तिथून स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि मागची बाल्कनी असं सगळं दिसायचं. चार दिवस मी तिथेच राहिले, आणि आयुष्यात जे काही पाहिलं ते तिथेच पाहिलं.

घरात चार माणसं. आई. मुलगा, म्हणजे तो लिफ्टवाला. त्याचे वडील, ज्यांना इमारतीत सगळे ‘टाइमटेबल’ म्हणायचे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी चहा ‘चार बावीसला’ मागायचे, आणि आईंनी चार पंचवीसला दिला तर “तीन मिनिटं लेट” म्हणून घ्यायचे. घ्यायचे मात्र नक्की.

आणि चौथी नवी सून. लग्नाला पाच आठवडे झालेले. घरात कुठली वस्तू कुठे असते हे तिला आता कळलं होतं, पण ती वस्तू जागची हलवावी की नाही, हे अजून ठरलं नव्हतं.

आता त्या कानांचं सांगते. सून ऐकण्याचीच तज्ज्ञ होती. दोनशे ऐंशी किलोमीटरवरच्या मोठ्या शहरात, मुलांच्या हॉस्पिटलमध्ये, लहान मुलांना ऐकू येतं की नाही ते तपासायची. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचा, हातात लाकडी ठोकळा द्यायचा आणि सांगायचं, “आवाज आला की ठोकळा डब्यात टाक हं.” आवाज बारीक करत न्यायचा. काही मुलं ऐकू येत नसतानाही बाईंना बरं वाटावं म्हणून ठोकळे टाकत सुटायची. तिला ती लगेच कळायची. ऐकू येऊनही न आल्यासारखं करणारी मोठी माणसंही कळायची, पण त्यांच्यासाठी तिच्याकडे ठोकळे नव्हते.

लग्नाआधी असं ठरलं होतं, की सोमवार ते शुक्रवार तिनं तिथे राहायचं, हॉस्पिटलातल्या मैत्रिणीच्या खोलीत, आणि शनिवार-रविवार इथे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग लग्न झालं, ती रजेवर होती, आणि एके दिवशी पेपरात वेगवान गाडीचं चित्र आलं. लांब निळं नाक, हसऱ्या खिडक्या. दोनशे ऐंशी किलोमीटर, एक तास पाच मिनिटं!

तेव्हापासून लिफ्टवाल्याचं पालुपद एकच. “आता कशाला दगदग? गाडी आली की रोज जा-ये कर. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तोवर इथे शाळेच्या ऑफिसात काहीतरी बघू.”

“कधी येणार गाडी?” तिनं एकदा विचारलं होतं.

“सात वर्षं. फार फार तर आठ.”

ती गप्प बसली. आणि त्या गप्प बसण्याचा त्यानं सोयीचा अर्थ लावला. माणूस वाईट नव्हता. तिला बाल्कनीत बसायला आवडतं हे बघून त्यानं तिथे तिच्या उंचीची खुर्ची आणून ठेवली होती. फक्त, येणारी गोष्ट आलेलीच आहे असं धरून चालायची त्याला सवय होती.

हॉस्पिटलचा निरोप बुधवारी आला. सोमवारी रुजू होणार का ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागेवर दुसरं माणूस घेऊ. तिनं तो नवऱ्याला दाखवला. “बघू,” तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी ती बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती आणि तो स्वयंपाकघरात आईशी बोलत होता. नळ चालू होता, कुकरची शिट्टी होत होती. दोघांना वाटलं, एवढ्या आवाजात बाहेर काय ऐकू जाणार?

“हॉस्पिटलला काय कळवणार आहात?” आईंनी विचारलं. “तिला विचारलंस का?”

तेव्हा तो ते वाक्य बोलला. तिला काय विचारायचंय, वगैरे.

बाल्कनीत तिच्या हातात त्याचाच शर्ट होता. तिनं एका बाहीची घडी घातली, उलगडली, परत घातली. असं तीनदा. मग कपडे घेऊन आत आली आणि म्हणाली, “मोजे अजून ओले आहेत.” आईंनी तिच्याकडे एक क्षण जास्तच पाहिलं.

गुरुवारी लिफ्टवाल्याची सुट्टी असायची. जेवणं झाल्यावर बाबांनी मला फ्रिजवरून काढलं, चष्मा बदलला आणि टेबलावर सरळ करून ठेवलं. माझ्या आयुष्यातला हा मोठा दिवस. कुणीतरी मला नीट वाचत होतं.

“प्रश्न पाचवा. वेगवान गाडीमुळे आपला किती वेळ वाचेल?”

“तीन तास,” मुलगा म्हणाला. “लिहा. पॅसेंजरला चार तास दहा मिनिटं लागतात, आणि हिला एक तास पाच.”

“तुला फलाटावर राहायचंय का?”

“म्हणजे?”

“गाडी एक पाच घेईल. माणूस किती घेईल? नवं स्टेशन गावाबाहेर अठरा किलोमीटरवर आहे. तिथे जायला चाळीस मिनिटं. बॅगा तपासणार, वीस मिनिटं आधी जा. गाडी पासष्ट मिनिटं. तिकडे उतरून हॉस्पिटलपर्यंत पंचवीस. झाले अडीच तास. आता पॅसेंजर घे. घरून स्टेशन चालत दहा मिनिटं, गाडी अडीचशे, तिकडे चालत पंधरा. चार पस्तीस. वाचले किती? दोन तास पाच मिनिटं.”

“दोन तास काय कमी आहेत?”

“कमी कोण म्हणतंय? पण तीन नाहीत. नसलेला तास लिहायचा नाही.”

आणि मग बाबांनी अशी गोष्ट केली की मला गुदगुल्याच झाल्या. त्यांनी मला पालथं घातलं, माझ्या कोऱ्या पाठीवर पट्टी ठेवली आणि तक्ता काढायला घेतला. वेळापत्रक खात्यात म्हणे असंच चालायचं. आडवी वेळ, उभं अंतर, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. जितकी गाडी वेगवान तितकी रेघ ताठ. बाबांचा हात पट्टीवर टेकला की रेघ सरळच उमटायची.

आई टेप गुंडाळत टेबलाशी आल्या. सून भांडी पुसत मागे उभी होती.

“ही मधेच आडवी का गेली?” आईंनी एका रेघेवर बोट ठेवलं.

“आडवी रेघ म्हणजे उभी गाडी. पॅसेंजर आहे ती. मागून वेगाची येतेय ना, म्हणून हिला बाजूच्या रुळावर घेतलंय. ती गेली की ही निघेल.”

“किती वेळ उभी?”

“बावीस मिनिटं.”

“आणि आत बसलेल्या माणसांना कोणी विचारतं का?”

बाबा हसले, पण पट्टी खाली ठेवली. “छत्तीस वर्षं मी हेच केलं बघ. जलद गाड्यांसाठी छोट्या गाड्या बाजूला उभ्या केल्या. वेगाच्या गाडीला तिचा स्वतःचा रूळ मिळाला, तर ही रेघ आडवी राहणार नाही. जुन्या रुळावर या बिचाऱ्या सुखानं धावतील. दोन जास्तीच्याही टाकता येतील. नवी गाडी बांधायची तर ती यासाठी बांधावी. त्या निळ्या नाकासाठी नव्हे.”

“म्हणजे तुम्ही आमच्या बाजूनं!” मुलानं टेबलावर थाप मारली.

“मी कुणाच्या बाजूनं नाही. माझ्या हाती असतं तर आधी जुने पूल आणि सिग्नल नीट केले असते. हीच पॅसेंजर तीन तासांत पोचली असती, आणि दोन वर्षांत. पण त्याचं चित्र पेपरात छान येत नाही.”

“बाबा, जग कुठे चाललंय!”

“जाऊ दे. कोणत्या स्टेशनावर थांबणार तेवढं कळलं म्हणजे झालं.”

मी मनात म्हटलं, यातलं काहीच माझ्या चौकटींत बसत नाही. माझ्याकडे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ एवढंच आहे. तो माणूस तिन्ही एकदम म्हणत होता आणि तिन्ही खरं होतं.

“आई, तू सांग,” मुलगा म्हणाला. “बाबांचा फुकट पास होता. गाडी तासाभराची असती तर तूही तिकडे मावशीकडे दर महिन्याला गेली असतीस की नाही?”

आईंनी टेपची गुंडाळी पूर्ण केली. “पास होता. आयुष्यात चारदा गेले. गाडीला चार तास लागतात म्हणून गेले नाही, असं वाटतं का तुला? गाडीला काय, बसलं की पोचवते. मला या दारातून बाहेर पडायलाच वर्षं लागायची. तुझी परीक्षा, यांची ड्युटी, कुणाचा तरी गणवेश उद्या सकाळी हवा. एका तासाची गाडी असती ना, तर तुम्ही म्हणाला असता, एका तासाचंच तर आहे, कधीही जा. आणि ते ‘कधीही’ काही आलं नसतं.”

मागे ताट पुसण्याचा आवाज थांबला होता.

“तुझं आपलं काहीतरीच,” मुलगा म्हणाला, पण हळू.

बाबांनी मला पुन्हा सुलटं केलं. घरातल्या सदस्यांचा रकाना आला. नाव, वय, सध्या किती वेळा प्रवास. स्वतःपुढे लिहिलं, वर्षातून दोनदा. आईंपुढे, नाही. मुलापुढे, महिन्यातून एकदा. चौथ्या ओळीवर पेन थांबलं.

“हिचं काय लिहू?”

सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. प्रश्न गेला मुलाकडे.

“आता बंदच धरा. गाडी आली की रोज.”

बाबांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘तूर्त रद्द’.

सवय हो. जी गाडी वेळापत्रकात आहे पण धावत नाही, तिच्यापुढे ते आयुष्यभर हेच लिहीत आले होते. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. उलट गाडी कायमची बंद झाली तर ती ओळच काढून टाकतात. ‘तूर्त’ म्हणजे त्यांच्या भाषेत आशाच होती.

दुपारी सगळे पांगल्यावर सून टेबल पुसायला आली. तिनं मला उचललं, पाठीवरचा तक्ता पाहिला, आडव्या रेघेवर बोट फिरवलं. मग पान उलटून आपली ओळ वाचली. ओठ हलले नाहीत, पण दोन्ही शब्दांवर डोळे थांबले. तिनं पेन घेतलं, टोपण काढलं. मी श्वास रोखून होते. खोडते की काय? तिनं टोपण परत लावलं आणि मला फ्रिजवर ठेवलं.

मला तिचा रागच आला थोडा. मग वाटलं, ज्याला कुणी विचारत नाही, त्याला उत्तराची सवय तरी कुठून असणार?

आता माझी आजची अवस्था सांगते. मी एका खोक्यात आहे, कचेरीच्या तळमजल्यावर, वरून एकशे बाराव्या जागी. रोज थोड्या बहिणी बाहेर जातात. एक माणूस आमची उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरतो. एका ‘हो’ला एक आकडा, एका ‘नाही’ला दुसरा. माझ्या पाठीवरचा तक्ता तो बघणार नाही. त्याला पाठी बघायला सांगितलेलंच नाही. उद्या पेपरात येईल, अमुक इतके लोक वेगवान गाडीचं स्वागत करतात. त्या आकड्यात मीही असेन.

गाडी बांधावी की नाही, हे माझ्यासारख्या चार पानांनी सांगू नये. पण इतकी घरं बघितलेल्या बहिणींशी खोक्यात बोलून मला एवढं कळलंय: वाचणाऱ्या तासांची मोजदाद सगळे करतात. तो तास घरी आल्यावर कुणाच्या वाट्याला जातो, हे विचारणारा प्रश्न आमच्यातल्या एकीवरही छापलेला नाही. पुढच्या खेपेला कोणी प्रश्नावली काढणार असाल तर तो अठरावा घाला. आणि पाठ कोरी ठेवू नका. तिथे लिहा, ‘आणखी काही सांगायचंय का?’ लोकांना असतं सांगायचं. रद्दीत जाण्याआधी माझं एवढं मागणं आहे.

बाकी माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरलीय. शुक्रवारची.

सर्वेक्षणवाल्या बाई पावणेसहाला आल्या, पुन्हा धापा टाकत. चौघंही घरात होते. सुनेचा फोन टेबलावर होता. हॉस्पिटलला उत्तर अजून गेलेलं नव्हतं. बाईंनी खुर्चीत बसून मला तपासायला घेतलं. ओळीवरून बोट सरकत सरकत चौथ्या सदस्यापाशी आलं.

“हे काय? ‘तूर्त रद्द’?” त्या मोठ्यानं वाचून हसल्या. “माणूस आहे की एक्सप्रेस?”

बाबांचा चेहरा उतरला. आपण काय लिहिलंय हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं असावं. “हाताला वळण आहे हो जुनं,” ते पुटपुटले. “सूनबाई, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“असा पर्याय नाही आमच्याकडे. रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, वर्षातून, नाहीतर ‘नाही’. यातलं एक सांगा.”

“‘नाही’ लिहा,” मुलगा म्हणाला. “सध्या नाही. नंतर—”

“तुम्ही सदस्य चौथे का?”

“नाही, मी तिसरा. ती माझी—”

“माणूस घरात असेल तर ज्याचं त्यानं सांगायचं. सूचनांमध्ये छापलंय, पहिल्या पानावर. कोणी वाचत नाही ते वेगळं.” बाईंनी पेन उघडलं आणि दाराशी उभ्या सुनेकडे मान वळवली. “बोला ताई. किती वेळा?”

आई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी पायडलवरचा पाय काढला. सून नवऱ्याकडे बघत होती. रागानं नाही, एखाद्या मुलाच्या कानावर हेडफोन नीट बसलाय ना, ते बघावं तसं.

“दर आठवड्याला,” ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, बारीक, पण एक अक्षर सांडलं नाही. “सोमवारी पहाटेच्या पॅसेंजरनं जाणार, शुक्रवारी संध्याकाळी येणार. हॉस्पिटलला आत्ता कळवते.”

“अगं, पण तू कधी बोलली नाहीस!” नवरा म्हणाला.

“कोणी विचारलं नाही. आणि मी गप्प असते तेव्हा ऐकत असते रे. पटलेलंच असतं असं नाही. परवा बाल्कनीतूनही ऐकत होते.”

त्यानं आईकडे पाहिलं. आईंनी सुईत दोरा ओवायला घेतला, जो आधीच ओवलेला होता.

बाईंनी ‘दर आठवड्याला’वर खूण केली. खाली पेन सरकवलं. “आणि प्रश्न सतरा? वेगवान गाडी. तुमचं स्वतःचं मत?”

“‘हो’ लिहा,” सून म्हणाली. “यावी ती. बाबा म्हणतात तशी, स्वतःच्या रुळावरून, कुणाला बाजूला उभं न करता आली तर फारच बरं. आली की मी पहिलं तिकीट काढीन.” मग ती तिघांकडे वळली. “पण ती येईपर्यंत आठ वर्षं एका जागी उभं राहायला मी काही फलाट नाही.”